चिंचोके न ठेवलेली जागा

॥ श्री गजानन प्रसन्न ॥

मेडशी,
दि. १७ जानेवारी २०२५

चि. मंजुषा हिस आत्याचे अनेक आशीर्वाद.

तुझे पार्सल मिळाले. आत निघाले ते असे: गुंडाळलेला नकाशा एक, विद्यापीठाच्या संकुलाचे पुठ्ठ्याचे छोटे घर एक, त्याचा एक कोपरा दबलेला, आणि आम्हा बायांचा फोटो एक. टपालाचे एकशे ऐंशी रुपये तू भरलेस असे वरच्या चिकटीवर दिसले. एवढ्यात माझ्या देवाचे तेल दोन महिने चालते. पुढच्या वेळी साधे पाकीट पाठव. आणि फोन करू नको. आमच्या घरी फोन स्पीकरवर असतो आणि ऐकणारे सगळे. पत्र पोस्टमन माझ्याच हाती देतो.

गेल्या आठवड्यात तू ग्रामपंचायतीत गायरानाचा नकाशा पसरलास आणि पुरुषांना वेगळे, बायांना वेगळे चिंचोके वाटलेस. कुठे बसता तिथे एक ठेवा, कुठून चालता तिथे एक, सावलीला कुठे जाता तिथे एक. आम्ही ठेवले. तू माझ्या भावाची लेक, लहानपणी माझ्या मांडीवर खेळलेली, तुझ्यावर संशय नाही. पण तुझ्या मागे वही घेऊन उभा होता तो कोण? आम्ही चिंचोका ठेवला की तो लिहून घेत होता. ती वही कुठे जाते? विद्यापीठाची इमारत बांधायची तर बांधावी, त्यासाठी प्रयागबाई दुपारी कुठे टेकते हे कायले पाह्यजे?

मागे रस्त्याच्या मोजणीचे लोक आले होते. तेही असेच गोड बोलले. पाणवठा कोणता, जुनी झाडं कोणती, माय? आम्ही हौसेने दाखवले. खुणा नेमक्या तिथेच पडल्या.

तुझ्या पुठ्ठ्याच्या घरात मी बोट घालून पाहिले. अर्ध्या खोल्यांना भिंतच नाही. भिंत नाही ती खोली कशी? आमची सून रंजीता म्हणते, "बरं हाये ना आई, मास्तर चुकीचं शिकवून राह्यला त बाहेर ऐकू येईल." तिला सगळ्याचे हसू येते. मला येत नाही.

वही कोणाकडे जाते ते आधी कळव.

तुझी,
प्रयागआत्या

*

पुणे,
दि. २६ जानेवारी २०२५

ती. आत्यास सा. न.

तुझे पत्र ऑफिसात वाचले आणि एकटीच हसत बसले. आत्या, वहीवाला तो खालिद. आपल्या कारंज्याचाच आहे, आमच्याकडे मोजणीचे काम बघतो. वही माझ्या टेबलावर येते, त्यावरून नकाशा होतो आणि नकाशा संस्थेच्या बांधकाम समितीकडे जातो. समितीचे अध्यक्ष राजपालभाऊ, ते तुमच्या ओळखीचेच आहेत.

कुठे बसता हे विचारले ते याचसाठी की बांधणारे कधी विचारत नाहीत. पुण्यात बसून रेघ मारतात आणि ती कोणाच्या तरी पायवाटेवरून जाते. आम्हाला तसे करायचे नाही. विटा तिथल्याच मुरमाच्या, दाबून केलेल्या. एसी नाही, मधल्या अंगणांतून वारा खेळेल. भिंती कमी, कारण मुलांनी एका वर्गातून उठून दुसऱ्यात जावे, ओट्यावर गोल करून बसावे, एकमेकांना शिकवावे. सगळे शिकणे फळ्यासमोर होत नाही.

आणि तुम्हा बायांचे कौतुक करावे तेवढे थोडे. पुरुषांचे चिंचोके नकाशाभर सांडल्यासारखे. तुमचे मात्र चार ठिकाणी ढीग: मारुतीचा पार, नळ, अंगणवाडी, एसटीचा थांबा. इतका एकमताचा नकाशा आमच्या सरांनीही पाहिला नव्हता. आता ते तो सगळ्यांना दाखवतात.

त्यामुळे एक अवघड गोष्ट सोपी झाली. संकुलाचे सांडपाणी वाया न घालवता ते कर्दळीच्या वाफ्यांतून गाळून झाडांना द्यायचे आहे. त्याला जागा हवी होती. पूर्वेला नाल्याच्या वळणावर, करंजाच्या झाडांखाली तुमच्यापैकी कोणीच एकही चिंचोका ठेवला नाही. उतारही तिकडेच. तेव्हा वाफा तिथे. कोणाची अडचण नाही, कोणाची वाट मोडत नाही.

घरी मामांना नमस्कार. रंजीतावहिनीची परीक्षा कधी?

तुझी,
मंजुषा

*

॥ श्री गजानन प्रसन्न ॥

मेडशी,
दि. ४ फेब्रुवारी २०२५

चि. मंजुषास आशीर्वाद.

पत्र पावले. वाचून घाईने लिहीत आहे.

कर्दळीचा वाफा नाल्याच्या वळणावर करू नको. पावसाळ्यात नाल्याला पूर येतो, तुझी कर्दळ मेडशीची पार अकोल्याला जाईल. दुसरे, तिथे साप फार. तिसरे, करंजाच्या मुळ्या लांब पसरतात, तुझे पाईप फोडतील. हे सगळे मी अनुभवाने लिहिते.

तिथे कोणी जात नाही, हे खरे. पण कोणी जात नाही म्हणून सगळ्या कॉलेजाची घाण तिकडे ढकलायची हे काही बरे दिसत नाही. वसतिगृहाच्या मागे एवढी जागा पडली आहे. तिकडे नेता येईल.

हे माझे मत आहे. दुसऱ्या कोणाला विचारू नको आणि हे पत्र कोणाला दाखवू नको. राजपालभाऊंना तर नाहीच, आणि तुझ्या मामांनाही मी असे लिहिले हे कळवू नको.

रंजीताची परीक्षा मे महिन्यात. मुक्त विद्यापीठाचे शेवटचे वर्ष आहे. अभ्यास होतो जमेल तसा.

तुझी,
आत्या

*

पुणे,
दि. १५ फेब्रुवारी २०२५

ती. आत्यास सा. न.

तुझी तिन्ही कारणे खालिदला घेऊन तपासली. पुराची रेघ वळणाच्या बरीच खाली आहे. करंज राखूनच वाफा होतो. आणि साप तर सगळ्या गायरानात आहेत. ते वसतिगृहामागेही येतील.

मग मी विचार करत बसले, की आत्या असे का लिहिते? मामांना कळवू नको, राजपालभाऊंना दाखवू नको. तू आजवर मला काही लपवायला सांगितले नाहीस.

रागावू नको, मनात आले ते सरळ विचारते. परवा राजपालभाऊंचा फोन आला होता. बोलता बोलता म्हणाले, नाल्यापलीकडचे वावर बबनरावांचे, म्हणजे आपल्या मामांचे, संकुल झाले की त्याला सोन्याचा भाव येईल. आता सांडपाणी शेजारी आल्यावर काय करतात बघू. आत्या, ते पत्र तुझ्याकडून मामांनी लिहवून घेतले का? तसे असेल तर तूच सांग. मामा स्वतः समितीपुढे बोलले तर मला राग येणार नाही. पण तुझ्या हाताने, पुराच्या आणि सापाच्या गोष्टी करून, हे मला आवडले नाही.

नात्यातले सांगतात म्हणून मी एक वाफा हलवला, तर उद्या सगळे गाव दारात उभे राहील, आणि राहायलाच पाहिजे. मेडशीच्या बायांनी आपल्या हाताने चिंचोके ठेवले आहेत. मी त्या नकाशाशी इमान राखणार.

२८ मार्चला तुमच्या ग्रामपंचायतीत समितीची खुली बैठक आहे. त्यात नकाशा कायम होईल.

तुझी,
मंजुषा

*

॥ श्री गजानन प्रसन्न ॥

मेडशी,
दि. ९ मार्च २०२५

मंजुषा,

तुझ्या पत्राला उत्तर द्यायचे नाही असे ठरवले होते. तीन गुरुवार गेले. पोथी उघडली की ओळींच्या मधे तुझे अक्षर दिसायचे. लिहवून घेतले का म्हणे! मी मॅट्रिक आहे. माझे पत्र मीच लिहिते.

तुझ्या मामांना यातले काही माहीत नाही. त्यांना माहीत नसावे एवढ्यासाठीच तर हे सगळे. आता ऐक.

नाल्याच्या वळणावर करंजांखाली एक सपाट खडक आहे. जेवणे आटोपली, भांडी झाली, की आम्ही टोपली घेऊन गवऱ्या थापायला गायरानात जातो. त्या कामाला पुरुष सोबत येत नाहीत आणि कशाला एवढा वेळ लागला हेही कोणी विचारत नाही. गवऱ्या लवकर थापून होतात. मग आम्ही खडकावर बसतो. रंजीता पदराखालून पुस्तक काढते. तिची बी.ए.ची दोन वर्षे त्या खडकावर झाली आहेत. ती मोठ्याने वाचते, मधेच थांबून आम्हाला समजावते, आणि आम्हाला समजले नाही की तिला कळते की आपल्यालाच नीट समजले नाही. गफ्फार टेलरची बायको शाहजादी साड्यांना फॉल लावत ऐकते. तिला मोगलांचे सगळे पाठ आहे. मी माळ ओढते. रुख्मिणी काहीच करत नाही, ती आडवी होते. "मी तिथं नुसती झोपतो व माय," म्हणते. चार सुना, तीन दीर असलेल्या घरातली बाई उताणी झोपलेली मी पहिल्यांदा तिथेच पाहिली.

तू नकाशा पसरायच्या आधी सकाळी नळावर आमचे ठरले. शाहजादी म्हणाली, "काकू, जो जगा अपनी है, तिथं एक बी दाना टाकायचा नाही. दाखवली की गेली समजा." सगळ्यांना पटले. मलाच आधी पटले, रस्त्याची मोजणी मला आठवत होती. मग कोणी कुठे ठेवायचे तेही वाटून घेतले. म्हणून तुझ्या सरांना एवढे एकमत दिसले.

मारुतीच्या पारावर मी आजवर बसले नाही. तिथे पुरुष बसतात. एसटीच्या थांब्यावर आम्ही उभ्या असतो. ढीग पाहून हे तुझ्या मनात यायला पाहिजे होते. तूही बाईच आहेस.

आमच्या घरात खोल्या पाच आहेत. तू एवढी शिकलीस, त्यात माझी बसायची जागा कोणती ते एकदा नकाशावर दाखव.

आता खरे काय ते तुला कळले. वाफा तिथे झाला तर जागा गेली. सांगितले तर सगळ्यांना कळले, मग रोज चौकशा, तशीही गेलीच. यातून वाट काढता येत असेल तर काढ.

आत्या

*

पुणे,
दि. १६ मार्च २०२५

ती. आत्यास सा. न.

मामांबद्दल मी जे लिहिले त्याची मला लाज वाटते.

मोजणीच्या वेळी मी त्या खडकावर उभी होते. सकाळची वेळ होती, कोणी नव्हते. करंजाच्या सालीत लाल-हिरव्या दोऱ्याचे तुकडे अडकलेले दिसले. मला वाटले, पक्ष्यांनी आणले असतील. खालिद म्हणाला होता, इथला दगड फार गुळगुळीत आहे. मी म्हटले, पाण्याने झाला असेल. मी मुलांसाठी गोल करून बसायच्या जागा कागदावर काढत होते, आणि जिथे उभी होते ती तशीच जागा होती.

मी नवा नकाशा केला आहे. एका मोठ्या वाफ्याऐवजी दोन छोटे, वसतिगृहाच्या मागे, पायऱ्यांसारखे. पाणी तितकेच गाळले जाईल. पाईप मात्र वाढतो, आणि पाईप वाढला की समिती कारण विचारणार. मला 'तांत्रिक कारणास्तव' असे लिहिता येते. ते लिहिले की सहसा कोणी पुढे विचारत नाही. पण मग करंजांखालची जागा कोरी राहते, आणि नकाशात जिथे काही लिहिलेले नसते तिथे पुढच्या वर्षी जनरेटर येऊन बसतो. मी हे पाहिले आहे. ज्या जागेला कोणी आपली म्हटले नाही ती वाचवायला माझ्याकडे काही नाही.

अजून एक. राजपालभाऊंनी ऑफिसला कळवले की गावात जिचे नातेवाईक आहेत ती बाई बैठकीत नको. त्यामुळे मी येऊ शकत नाही. खालिद दोन्ही नकाशे घेऊन येईल. त्याला मी काही सांगितलेले नाही. नव्या नकाशावर कारणाची जागा रिकामी ठेवली आहे.

ती काय म्हणून भरायची ते तूच ठरव. मी तुझ्यावतीने ठरवणार नाही. एकदा ठरवले होते.

तुझी,
मंजुषा

*

॥ श्री गजानन प्रसन्न ॥

मेडशी,
दि. ३ एप्रिल २०२५

चि. मंजुषास अनेक आशीर्वाद.

बैठक झाली. खालिदने तुला सांगितलेच असेल, पण तो भला मुलगा, अर्धे गाळून सांगेल.

तुझे पत्र आले त्या दुपारी खडकावर वाचून दाखवले. रुख्मिणी म्हणाली, "एका गोट्याले शेंदूर फासू. देवाची जागा म्हटल्यावर कोण हात लावते?" मी नाही म्हटले. एक तर देवाच्या नावाने खोटे करायचे नाही. दुसरे, शेंदूर लागला की नारळ येतो, नारळामागे वर्गणी, वर्गणीमागे मंडळ, मंडळामागे भोंगा. रुख्मिणीची झोप कायमची गेली असती. मग शाहजादीच म्हणाली, "काकू, बोलना पडेगा. तुमीच बोला. आमी गेलो त घरून निरोप येतीन." म्हणून मी एकटी गेले.

खालिदने नकाशे पसरले. राजपालभाऊंनी चष्मा लावून पाईपवर बोट फिरवले. "हे लांबलं कायले? कारण त लिहिलंच नाही. काहून हलवा लागते वाफा?"

खालिद खाली पाहू लागला. मी मागून उठले.

"तिथं आमी बसतो."

"कोण आमी, काकू?"

"आमी बाया."

ग्रामपंचायतीचा बबलू हसला. "काकू, तिथं त तुमी गवऱ्या थापता ना?"

"थापतो. अन मंग बसतो."

"बसाले घर नाही का मंग?"

"घरात बसलं की कोणी ना कोणी उठवते, बापा."

यावर कोणी हसले नाही. गफ्फार दारात उभा होता. त्याने हळूच विचारले, "काकू, हमारी बी बसते का?" मी म्हटले, "ते तिले विचार." तुझे मामा खिडकीजवळ बसले होते. ते नकाशाकडे पाहत राहिले, माझ्याकडे नाही.

मला वाटले होते, आता ओरडतील. तसे झाले नाही. झाले ते निराळेच. राजपालभाऊ खूश झाले! "अरे, हे त लय चांगलं हाये! महिला अभ्यास कट्टा! पत्र्याचं शेड टाकू, खाली फरशी, लाईट, क्यामेरा. वर बोर्ड. उद्घाटनाले मोठा पाहुणा बोलावू, अन नारळ प्रयागकाकूच्या हातानं फोडू." सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या. वाफा वसतिगृहामागे गेला, एकमताने. मी खाली बसले. मंजुषा, सांडपाण्यापेक्षा मला त्या टाळ्यांची भीती वाटली. क्यामेऱ्यासमोर रुख्मिणी आडवी कशी होणार?

तुझे मामा काल जेवताना म्हणाले, "मले सांगतलं असतं त मी काय नाही म्हटलं असतं?"

मी म्हटले, "नाही म्हटलं नसतं. विचारलं असतं. कोण होतं, कायच्या गोष्टी केल्या, इतका वेळ काहून. रोज."

त्यांनी भाकरी मोडली आणि म्हणाले, "आज नाही गेली वाटते?" मी म्हटले, "हे पाहा, सुरू झालं." तेव्हा त्यांना हसू आले. मला पुरते आले नाही. पण आज दुपारी टोपली उचलली तेव्हा त्यांनी तोंड भिंतीकडे केले आणि विचारले नाही. किती दिवस टिकते ते पाहायचे. परवा आम्ही तिघीच होतो, आज सहा होतो. रंजीताच्या पुस्तकाचे एक प्रकरण वाचून झाले. गावातले पुरुष आता वळणाच्या अलीकडूनच वळून जातात, घाटावर बाया कपडे धूत असल्या की जातात तसे. तेवढा फायदा झाला.

आता काम तुझे. खालिद म्हणाला, शेड नेमके कुठे उभे करायचे ते तुमच्या ऑफिसवर सोडले आहे. तर ते फाटकाजवळ काढ, जिथे पाहुण्यांच्या गाड्या थांबतील. एसटीच्या थांब्यावर ऊन फार लागते, तिथून ते जवळ पडेल. एसटीची वाट पाहणाऱ्या बाया बसतील, शिकणाऱ्या मुली बसतील, मीही बाजाराच्या दिवशी बसेन. म्हणजे खोटे काही होत नाही. बोर्ड हवा तेवढा मोठा काढ. राजपालभाऊंचे नाव त्यावर ठळक येऊ दे. त्यांना फीत कापायला मिळेल, फोटो निघेल, आणि ते समाधानाने घरी जातील. नारळ मी फोडीन. नारळ फोडायला माझी ना नाही.

करंजांखाली मात्र काही काढू नको. बाक नको, दिवा नको, फरशी तर नकोच. तो खडक उन्हाळ्यातही गार असतो. पण कोरेही सोडू नको, तुझा जनरेटर माझ्या लक्षात आहे. तिथे बारीक अक्षरात एवढेच लिही: ही जागा वापरात आहे. कोण वापरते, कशासाठी, हे लिहू नको. तसे लिहिलेले समितीच्या कागदावर चालते का हे मला माहीत नाही. नकाशे तू काढतेस. चालत नसेल तर चालेल असे दुसरे काय लिहिता येते ते तू शोध, आणि कायम करायच्या आधी मला वाचायला पाठव. आधी साधे पाकीट पाठव म्हटले होते, पण या वेळी रजिस्टर करून पाठव. पैसे गेले तरी हरकत नाही.

शेड फाटकाशी नेतेस की नाही, आणि करंजांखाली काय लिहितेस, ते उलट टपाली कळव.

तुझी,
प्रयागआत्या